गाठ एकटी नसते

स्तनातली कर्करोगाची गाठ बोटांना कडक लागते. तपासताना डॉक्टर बोटांच्या पेरांनी हाच कडकपणा शोधत असतात, आणि बऱ्याचदा त्याआधी अंघोळ करताना तो त्या बाईच्याच हाताला लागलेला असतो. हा कडकपणा कशाचा? पहिलं उत्तर मनात येतं ते असं, की कर्करोगाच्या पेशीच टणक असणार. पण त्या पेशी सुट्या करून अतिसूक्ष्म टोकाने दाबून पाहिल्या, तर त्या निरोगी पेशींपेक्षा मऊ निघतात. बोटाला लागतं ते त्यांच्या भोवतीचं असतं: कोलॅजेनचे दाट, ताणलेले तंतू आणि ते तंतू तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. या फायब्रोब्लास्टच्या जनुकांत कर्करोगाचा बिघाड सहसा सापडत नाही. त्या त्या बाईच्या स्वतःच्या, साध्यासुध्या पेशी असतात. ज्या गाठीच्या नुसत्या नावाने आपल्या पोटात गोळा येतो, तिच्यातला हाताला जाणवणारा भाग शरीरानेच घडवलेला असतो, कर्करोगाच्या सांगण्यावरून.

बायोप्सीचा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो तेव्हा तो मेणात बसवून त्याचे पारदर्शक वाटावेत इतके पातळ काप काढतात आणि दोन रंगांत बुडवतात. पेशींची केंद्रकं जांभळी होतात, बाकीचं गुलाबी. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की जांभळे, वेडेवाकडे पुंजके डोळ्यांत भरतात आणि निदान होतं त्यांच्यावरून. पण त्या पुंजक्यांच्या मधून गुलाबी पट्टे वाहत असतात. त्यांत रक्तवाहिन्या असतात, चरबीच्या पेशी असतात, प्रतिकारशक्तीच्या निरनिराळ्या पेशी असतात. काही गाठींत तर कर्करोगाच्या पेशींपेक्षा हा बाकीचा ऐवजच जास्त भरतो. बराच काळ त्याकडे भरताड म्हणून पाहिलं गेलं. आज त्याला गाठीचा परिसर म्हणतात, आणि गेल्या काही दशकांत कर्करोगाच्या अभ्यासात जे सर्वांत थक्क करणारं हाती लागलं, त्यातलं पुष्कळसं या गुलाबी भागातून आलं आहे.

याची पहिली खूण मात्र साध्या मोजणीतून मिळाली. १८८९ साली लंडनमधल्या स्टीफन पॅजेट या शल्यविशारदाने ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्याने गोळा केल्या आणि रोग पुढे कुठे कुठे गेला ते मोजलं. यकृतात २४१ वेळा. प्लीहेत फक्त १७ वेळा. प्लीहा हा काही रक्तापासून वंचित अवयव नाही. तिच्यातून भरपूर रक्त जातं. रक्तातून वाहत जाणारी पेशी जिथे नेली जाईल तिथे वाढत असती, तर हा आकडा इतका कमी निघाला नसता. पॅजेटने मांडलं ते शेतकऱ्याला चटकन कळेल असं होतं: झाडाचं बी सगळीकडे उडतं, पण रुजतं ते त्याला मानवणाऱ्या मातीतच. संशोधक बी निरखत बसले आहेत, मातीकडेही कुणी पाहायला हवं, असं त्याचं म्हणणं. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या जेम्स यूइंगसारख्या मोठ्या अधिकारी माणसाने रक्ताच्या वाटांवरून सगळं समजतं असा पक्ष घेतला आणि माती बाजूला पडली. अयझाया फिडलरने १९७०-८०च्या सुमाराला उंदरांवर काटेकोर प्रयोग करून पॅजेटचं म्हणणं पुन्हा उभं केलं. मला यात विशेष वाटतं ते असं, की प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, नुसत्या मृत्यूंच्या नोंदी नीट वाचून एका माणसाने शंभर वर्षं पुढचा प्रश्न विचारून ठेवला होता.

आता कोंबडीच्या अंड्याकडे वळू. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउसने दाखवलं होतं की कोंबडीची एक गाठ कुटून, पेशी गाळून टाकून, उरलेलं पाणी दुसऱ्या कोंबडीला टोचलं तर तिलाही गाठ येते. त्या पाण्यात विषाणू होता. पुढे कळलं की या विषाणूचं एकच जनुक पेशीला कर्करोगाकडे न्यायला पुरतं. ‘कर्करोग म्हणजे जनुकाचा बिघाड’ या समजुतीचा हा भक्कम पुरावा मानला गेला, आणि राउसला १९६६ मध्ये नोबेल मिळालं. इराणमधून शिकायला अमेरिकेत आलेल्या, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मीना बिसेल यांना मात्र एक साधी शंका आली: हे जनुक एवढं बलवान असेल तर ते कुठेही, कधीही गाठ करेल का?

त्यांनी आणि डेव्हिड डोलबर्ग यांनी हाच विषाणू अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाच्या पंखाच्या कोंबात टोचला. विषाणू पेशींत शिरला, त्याचं जनुक कामही करू लागलं. गाठ मात्र आली नाही. पंख घडत राहिला. मग त्यांनी त्याच पेशी तिथून सोडवून काचेच्या बशीत वाढवल्या, आणि थोड्याच अवधीत त्या कर्करोगाच्या पेशींसारख्या वागू लागल्या. जनुक तेच, विषाणू तोच. अवयव घडवण्याच्या कामात गुंतलेल्या भ्रूणाच्या ऊतींनी त्या जनुकाला गप्प ठेवलं होतं. १९८४ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

दुसऱ्या प्रयोगात अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं घेतली. एका पंखात विषाणू टोचला की तिथे गाठ यायची. विषाणू रक्तातून अंगभर फिरायचा, तरी बाकी कुठे गाठ नाही. मात्र दुसऱ्या पंखाला जखम केली की तिथेही गाठ उगवायची. जखम भरून काढताना शरीर जे काही करतं, पेशींना वाढायला सांगणारे रेणू सोडतं, नव्या रक्तवाहिन्या फोडतं, भोवतीचे तंतू मोडून पुन्हा विणतं, तेवढं त्या दबा धरून बसलेल्या जनुकाला पुरत होतं. १९८६ मध्ये बोस्टनच्या हॅरॉल्ड ड्व्होराक यांनी गाठींना कधीच भरून न येणाऱ्या जखमा म्हटलं. ही जखमेची गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे ती आपल्याला थेट मुंबईत आणून सोडते.

पण त्याआधी स्तनाच्या आत जाऊन पाहू. दूध तयार होतं ते बारीक बारीक पोकळ पिशव्यांत. प्रत्येक पिशवीच्या आतल्या बाजूला दूध करणाऱ्या पेशींचा एकच थर असतो, गोलाकार, तोंड पोकळीकडे केलेला. त्याच्या बाहेर आकसू शकणाऱ्या पेशींचं वेष्टन असतं. बाळ ओढू लागलं की पान्हा फुटतो तो याच पेशी आकसल्यामुळे. आणि या सगळ्याच्या बाहेर एक अतिशय पातळ पटल असतं, ज्यात लॅमिनिन नावाचं प्रथिन भरपूर असतं. आतली पेशी या पटलाला इंटेग्रिन नावाच्या रेणूंनी धरून असते. हे धरणं नुसतं टिकून राहण्यासाठी नसतं. आपण कुठे आहोत, वर कुठलं आणि खाली कुठलं, थांबायचं की वाढायचं, हे पेशीला त्या पकडीतूनच कळत असतं.

कसं कळतं, हे बिसेल यांच्या गटाने फार सुंदर दाखवलं. उंदरीच्या स्तनातल्या पेशी प्लॅस्टिकच्या बशीत ठेवल्या की त्या चपट्या होतात, पसरतात आणि दूध करणं सोडून देतात. त्याच पेशी लॅमिनिनयुक्त मऊ जेलमध्ये ठेवल्या, की काही दिवसांत साध्या डोळ्यांना न दिसणारे गोळे करून बसतात, मधे पोकळी सोडतात आणि त्या पोकळीत दुधातली प्रथिनं पाझरू लागतात. कुणी त्यांना आकार दिलेला नसतो. भोवती योग्य तो परिसर मिळाला, एवढंच. माणसाच्या पेशींनीही या जेलमध्ये असेच नीटनेटके गोळे केले आणि वाढ थांबवली. कर्करोगाच्या पेशी मात्र एकमेकींवर चढत, वेडीवाकडी ढेकळं करत वाढतच राहिल्या.

मग १९९७ चा प्रयोग. व्हॅलरी वीव्हर तेव्हा बिसेल यांच्या प्रयोगशाळेत होत्या. जेलमध्ये वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींवर एका जातीचं इंटेग्रिन प्रमाणाबाहेर होतं. त्याला अडवणारी प्रतिपिंडं त्यांनी जेलमध्ये घातली. ढेकळं वाढायची थांबली. पेशींनी पुन्हा गोल रांग धरली, पटल तयार केलं, विभाजन थांबवलं. रंगवलेल्या छायाचित्रांत हे गोळे आणि निरोगी पेशींचे गोळे शेजारी ठेवले तर ओळखणं कठीण जावं. आणि या पेशींचे जनुकीय बिघाड? सगळेच्या सगळे जागच्या जागी होते. प्रतिपिंडं धुऊन काढली की पेशी पुन्हा पहिल्या वळणावर जात. बिघडलेली जनुकं घेऊन एखादी पेशी शहाण्यासारखी वागू शकते, हे इतकं स्वच्छ दिसेल असं फार थोड्यांना वाटलं असेल.

इथे एका मराठी नावाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली आणि पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींचा पहिला अखंड वाढणारा वंश तयार झाला होता. परत येऊन रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करताना आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू हे तिन्ही एकत्र कसे काम करतात याचा शोध घेतला. बशीतली पेशी हाताळण्यात त्या तरबेज होत्या, तरी प्रश्न त्या सबंध प्राण्याचा विचारत होत्या. मला ही दृष्टी फार मोलाची वाटते.

वीव्हर यांनी पुढे कडकपणाचा माग धरला. निरोगी स्तनाची ऊती अतिशय मऊ असते, गाठीची ऊती तिच्या कित्येक पट ताठ. प्रश्न असा होता की हा ताठपणा नुसता परिणाम आहे की कारणही आहे? जेलचा ताठपणा वाढवत नेला तर निरोगी पेशींचे गोळे बिघडतात असं दिसलं. पोकळी बुजते, कडा फुटतात. पेशी आपल्या पकडीतून भोवतालची ओढ जोखते आणि ओढ वाढली की वाढीचा संदेश आत जातो. गाठीत कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी जखडणारं एक विकर जास्त तयार होतं. उंदरांमध्ये ते विकर रोखलं तर ऊती मऊ राहिली आणि कर्करोगाची वाटचाल मंदावली. मॅमोग्राममध्ये ज्यांचे स्तन फार घन दिसतात, म्हणजे चरबी कमी आणि तंतू व ग्रंथी जास्त, त्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका अगदी कमी घनतेच्या स्त्रियांपेक्षा चार ते सहा पट असतो, ही गोष्ट डॉक्टरांना कधीपासून माहीत होती. ती या प्रयोगांच्या शेजारी ठेवून वाचली की नवा अर्थ दिसतो.

कोलॅजेन पाहण्याची एक रीत तर विलक्षण आहे. विशिष्ट लेझर टाकला की ते कुठल्याही रंगाशिवाय आपोआप चमकतं. विस्कॉन्सिनमधल्या पॅट्रिशिया कीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठींच्या कडा अशा पाहिल्या. निरोगी ऊतीत हे तंतू कुरळे, मोकळे असतात. वाढत्या गाठीभोवती ते आधी ताणले जाऊन तिला समांतर, वेढा घातल्यासारखे बसतात. नंतर काही ठिकाणी त्यांची दिशा बदलते. ते सरळ होतात आणि गाठीच्या कडेशी काटकोन करून बाहेरच्या दिशेला रोखले जातात. कर्करोगाच्या पेशी या तंतूंना धरून बाहेर चालत जाताना दिसतात. २०११ मध्ये याच गटाने रुग्णांच्या बायोप्सीतल्या तंतूंची दिशा तपासली तेव्हा असे काटकोनी तंतू ज्यांच्या गाठीत होते त्यांचा आजार पुढे जास्त उलटलेला आढळला. एका तंतूचा कोन माणसाच्या आयुष्याबद्दल एवढं सांगतो.

चालत जाणारी पेशी तरी एकटी असते का? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात जेफ्री पोलार्ड आणि जॉन काँडिलिस यांनी ही बाजू उलगडली. आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. जंतू खाणं, मेलेल्या पेशी उचलणं, जखम भरताना मदत करणं ही त्यांची कामं. पोलार्ड यांनी २००१ मध्ये अशा उंदरी घेतल्या ज्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होतो, पण ज्यांच्यात मॅक्रोफेजना बोलावणारा रेणूच तयार होत नाही. गाठ आली, वाढलीही. फुप्फुसात मात्र ती फारच कमी पसरली. म्हणजे आपलीच सफाई करणारी पेशी रोगाला वाट दाखवत होती.

काँडिलिस यांच्या गटाने जिवंत उंदराच्या गाठीत सूक्ष्मदर्शकाने थेट पाहिलं. कर्करोगाची पेशी एक रेणू सोडते, त्यावर मॅक्रोफेज तिच्याकडे येते. मॅक्रोफेज दुसरा रेणू सोडते, त्यावर कर्करोगाची पेशी तिच्यामागे जाते. अशा देवघेवीत दोघी एकाच तंतूवरून एकीमागे एक रक्तवाहिनीपर्यंत पोहोचतात. तिथे वाहिनीच्या भिंतीला आणखी एक मॅक्रोफेज चिकटून बसलेली असते. ती असा संदेश सोडते की भिंत त्या जागी काही मिनिटं सैल होते, आणि कर्करोगाची पेशी आत घुसते. मॅक्रोफेज, कर्करोगाची पेशी आणि वाहिनीच्या भिंतीची पेशी या तिघी एकमेकींना खेटून असलेल्या अशा जागा माणसाच्या बायोप्सीतही मोजता येतात, आणि त्या जितक्या जास्त तितका रोग दूर पसरण्याचा धोका जास्त.

सगळे शेजारी फितूर होतात असं अजिबात नाही. टी-पेशी गाठीत शिरून कर्करोगाच्या पेशी मारतात. ज्या गाठींवर इस्ट्रोजेनचा ग्राहक, प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक आणि हर-टू यांपैकी कुठलीच खूण नसते, त्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठींमध्ये टी-पेशींसारख्या लसिकापेशींचे थवे जेवढे दाट, तेवढं रुग्णाचं पुढचं चित्र आशादायक असतं. हे मोजायला तीच जुनी जांभळी-गुलाबी काचपट्टी पुरते. दूधनळीभोवतीच्या, पान्हा फोडणाऱ्या त्या पेशींचं वेष्टनही कर्करोगाला बराच काळ नळीतच अडवून ठेवतं. इतर कारणांनी मरण पावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनात नळीतच थांबलेले असे बारीक कर्करोग सापडले आहेत. त्या स्त्रियांना आयुष्यभर त्याची कधी चाहूलही लागली नव्हती.

गाठीतून निसटलेली पेशी रक्तात आली तरी तिचा निभाव लागणं अवघड असतं. बहुतेक पेशी मरतात. उरलेल्यांपैकी थोड्या जिथे थांबतात त्या जागा ठरावीक असतात, आणि इथे पॅजेटची माती रेणूंच्या रूपात भेटते. २००१ मध्ये दिसून आलं की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर एक विशिष्ट ग्राहक रेणू असतो, आणि त्याला ओढून घेणारा जोडीदार रेणू लसिका ग्रंथी, फुप्फुस, यकृत आणि अस्थिमज्जा यांत भरपूर तयार होतो. नेमक्या याच जागी हा रोग जास्त जातो. चार वर्षांनी डेव्हिड लायडेन यांच्या गटाने उंदरांमध्ये आणखी चकित करणारी गोष्ट दाखवली: पेशी पोहोचण्याआधीच मूळ गाठीच्या संदेशांवरून अस्थिमज्जेतल्या काही पेशी फुप्फुसात जाऊन तिथली जागा तयार करत होत्या.

हाडात काय घडतं ते तर समजून घेण्यासारखं आहे. आपलं हाड सतत मोडत आणि बांधलं जात असतं. एका जातीच्या पेशी ते झिजवतात, दुसऱ्या भरून काढतात. हाडाच्या आत वाढीला चालना देणारी द्रव्यं साठवलेली असतात. तिथे पोहोचलेली कर्करोगाची पेशी एक संप्रेरकसदृश रेणू सोडते. त्याने हाड बांधणाऱ्या पेशी झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात, हाड झिजतं, साठवलेली द्रव्यं मोकळी होतात, ती कर्करोगाच्या पेशीला मिळतात, आणि ती तो रेणू आणखी सोडते. हे चक्र कळल्यामुळे उपचारांत फरक पडला. झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही औषधं कर्करोगाच्या पेशीऐवजी हाड झिजवणाऱ्या पेशीला आवरतात. पाळी थांबलेल्या स्त्रियांना सुरुवातीच्या टप्प्यातच बिस्फॉस्फोनेट जातीची औषधं दिली तर रोग हाडात परतण्याचं प्रमाण घटतं, हे २०१५ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून सिद्ध झालं.

आणि काही पेशी नुसत्या थांबून राहतात. वाढत नाहीत, मरतही नाहीत. संप्रेरकांना प्रतिसाद देणारा स्तनाचा कर्करोग पाच वर्षांच्या संप्रेरकरोधक गोळ्या संपल्यानंतरही कधी पंधरा-वीस वर्षांनी परततो, तो यामुळे. ८८ चाचण्यांमधल्या ६२,९२३ स्त्रियांचा असा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी त्या सगळ्या रोगमुक्त होत्या. विसाव्या वर्षापर्यंत दूरच्या अवयवात रोग परतण्याचा धोका, मुळातली गाठ केवढी होती आणि काखेतल्या किती ग्रंथींत रोग होता यांसारख्या गोष्टींनुसार, १० ते ४१ टक्के निघाला. त्या स्त्रियांवरचे उपचार जुन्या काळचे होते आणि आजचं चित्र याहून बरं असण्याचा संभव आहे, हेही त्या संशोधकांनी नोंदलं. पण मला खिळवून ठेवतो तो वेगळा प्रश्न: एवढी वर्षं त्या पेशींना कुणी रोखून धरलं होतं?

त्याचं एक उत्तर पुन्हा परिसरातच सापडतं. सायरस गजर यांनी, तेही बिसेल यांच्याकडेच काम करत होते, २०१३ मध्ये दाखवलं की स्थिर, शांत रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेल्या पेशी निद्रिस्त राहतात, आणि वाहिनीला नवे कोंब फुटू लागले की त्या कोंबांच्या टोकाशी त्या जाग्या होतात. जागं करणारं आणखी एक कारण २०१८ मध्ये मिकाला एगेब्लाड यांच्या गटाने उंदरांमध्ये शोधलं: तंबाखूचा धूर. धुराने फुप्फुसाला सूज येते, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतूंना अडकवण्यासाठी आपल्याच डीएनएचं जाळं बाहेर फेकतात. त्या जाळ्यावरची विकरं भोवतीचं एक प्रथिन कापतात, आणि कापलेल्या जागेवरून शेजारच्या निद्रिस्त पेशीला इंटेग्रिनमार्फत वाढण्याचा हुकूम मिळतो. ते प्रथिन होतं लॅमिनिन. दुधाच्या पिशवीला शिस्तीत ठेवणारं तेच.

आता ती जखमेची गोष्ट. आपल्याकडे एक समजूत खोल रुजलेली आहे की कर्करोगाला सुई किंवा चाकू लावला की तो पसरतो. या भीतीने कितीतरी बायका महिनोन् महिने गाठ लपवतात आणि डॉक्टरकडे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे स्पष्टच सांगायला हवं: बायोप्सीशिवाय निदान नाही, आणि वेळेवर केलेली शस्त्रक्रिया आजही या रोगातून जीव वाचवणारा मुख्य उपाय आहे. ती टाळून मिळतो तो फक्त मृत्यू. शस्त्रक्रियेच्या त्या तासाभरात गाठीच्या परिसरात काय उलथापालथ होते आणि ती शांत ठेवता येईल का, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचा पाठपुरावा परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला.

त्यांनी निवडलेलं औषध होतं लिग्नोकेन. दात काढताना हिरडीत टोचतात तेच. पेशींच्या आवरणात विद्युत्भाराने उघडझाप करणारे सोडियमचे मार्ग असतात. मज्जातंतूत ते बंद झाले की वेदना पुढे जात नाही. कर्करोगाच्या पेशींवरही असे मार्ग असतात आणि त्यांचा संबंध पेशीच्या हालचालीशी आहे. २०११ पासून भारतातल्या ११ केंद्रांवर ही चाचणी चालली. सुरुवातीच्या टप्प्यातला रोग असलेल्या स्त्रियांना नेहमीची भूल दिल्यानंतर निम्म्या जणींना, गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी, ०.५ टक्के लिग्नोकेन गाठीभोवती सगळ्या बाजूंनी टोचलं. बाकी उपचार दोन्ही गटांत सारखेच. १,५८३ स्त्रियांचा निकाल २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त आला. पाच वर्षांनंतर इंजेक्शन न दिलेल्या गटातल्या ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, इंजेक्शन दिलेल्या गटातल्या ९०.१ टक्के. रोग न परतता पाच वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण ८२.६ वरून ८६.६ वर गेलं. लाखो रुपयांच्या औषधांनी एवढा फरक पडला तरी तो मोठा मानतात. इथे तो अशा औषधाने पडला, जे तालुक्याच्या गावातल्या ऑपरेशन थिएटरमध्येही कपाटात पडलेलं असतं आणि जे द्यायला जास्तीची दहा मिनिटंही पुरतात.